बकासुराचा हिशेब

सातवीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवून झाली होती. फळ्यावर गवत, हरीण आणि वाघ यांची चित्रं होती, मध्ये बाण होते. 'कोण कोणाला खातं' हे सगळ्यांना पाठ झालं होतं. तास संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, बकासुर रोज दोन रेडे खायचा ना? मग गावातले रेडे संपले कसे नाहीत?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर आपल्यापाशी नाही. एवढंच नव्हे, तर 'एका वाघाला किती हरणं लागतात' असं त्या मुलानं विचारलं असतं, तरी आपल्याला सांगता आलं नसतं. कोण कोणाला खातं हे बाण सांगतो. किती खातं, आणि खाऊन झाल्यावर मागे किती उरायला हवं, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

मग आम्ही ठरवलं, की बकासुराचा हिशेब मांडूनच बघायचा. गोष्टीतला राक्षस खरा नसेना का, त्याला लागू होणारं गणित खरं आहे. एकदा ते जमलं, की कोणत्याही अद्भुत कथेतल्या प्राण्याला तेच प्रश्न विचारता येतात. कल्पनेतल्या प्राण्यांचा एक फायदाही असतो. त्यांचं 'बरोबर उत्तर' पुस्तकात छापलेलं नसतं, त्यामुळे मुलांना आणि आपल्यालाही विचार करावाच लागतो.

गाडाभर अन्न खाणारा केवढा असेल?

महाभारताच्या आदिपर्वात बकासुराची गोष्ट येते. एकचक्रा नगरीजवळ राहणाऱ्या या राक्षसाचा आहार ठरलेला होता : गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. एकेका घराची पाळी लागे. आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत हे रोज घडतं, म्हणून आपणही 'रोज' असंच धरू.

आता अंदाज करू. गाड्यातल्या भाताला २०० किलो तांदूळ लागले असं समजा. एक किलो तांदळापासून सुमारे ३,५०० कॅलरी मिळतात (आहारशास्त्रातली कॅलरी म्हणजे किलोकॅलरी). म्हणजे भाताच्या झाल्या ७ लाख. एका रेड्यात खाण्याजोगं मांस २०० किलो धरलं आणि किलोला १,२०० कॅलरी धरल्या, तर दोन रेड्यांच्या होतात ४ लाख ८० हजार. माणूस धरून रोजचं जेवण १२ लाख कॅलरींच्या पुढे जातं.

एवढं जेवण कोणाला लागेल? इथे एक फार उपयोगी नियम मदतीला येतो. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानं १९३२ मध्ये लहानमोठ्या प्राण्यांना विश्रांतीच्या अवस्थेत किती ऊर्जा लागते याची आकडेवारी एकत्र मांडली. तेव्हा असं दिसलं, की वजन दुप्पट झालं म्हणून गरज दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. सस्तन प्राण्यांसाठी हा हिशेब वर्गातही करता येतो. वजन किलोमध्ये घ्या. त्याचं वर्गमूळ काढा आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा. या दुसऱ्या उत्तरानं मूळ वजनाला भागा आणि ७० ने गुणा. ही झाली नुसतं पडून राहण्यासाठी दिवसाला लागणारी ऊर्जा. हिंडाफिरायला, शिकार करायला ती ढोबळमानानं दुप्पट धरावी.

८१ किलोचा माणूस घेऊ. ८१ चं वर्गमूळ ९, ९ चं ३. ८१ भागिले ३ म्हणजे २७, आणि २७ गुणिले ७० म्हणजे १,८९० कॅलरी. आहारतज्ज्ञ सांगतात त्याच्या हे अगदी जवळ आहे. आता ४,०९६ किलोचा हत्ती घेऊ. वर्गमूळ ६४, त्याचं ८. भागाकार ५१२, गुणिले ७० म्हणजे ३५,८४०, आणि दुप्पट केल्यावर सुमारे ७२,००० कॅलरी. हत्ती माणसाच्या पन्नासपट जड आहे, पण त्याला लागतं ते एकोणीसपटच.

आणि बकासुर? रोज १२ लाख कॅलरी म्हणजे सोळा-सतरा हत्तींचं जेवण झालं. उलट गणित केलं तर राक्षसाचं वजन किती निघतं? १,६०,००० किलो वजन धरून बघा. वर्गमूळ ४००, त्याचं २०. भागाकार ८,०००, गुणिले ७० आणि दुप्पट, म्हणजे ११ लाख २० हजार. बकासुर याहून थोडा अधिकच खातो. म्हणजे रोजचं सगळं जेवण खरोखर अंगी लागत असेल, तर तो निळ्या देवमाशाएवढा हवा! जमिनीवर एवढ्या वजनाच्या प्राण्याला स्वतःचे पाय पेलणार नाहीत, मग भीमाशी कुस्ती कुठली. हत्तीएवढा बकासुर मात्र शक्य कोटीतला आहे, पण त्याला एक रेडा तीन दिवसांहून अधिक पुरला असता.

थोडक्यात, गोष्टीतला राक्षस भुकेसाठी खात नव्हता, दरारा बसवण्यासाठी खात होता, असं म्हणावं लागेल.

रेडे संपतील की माणसं?

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्याला नगरीची लोकसंख्या माहीत नाही. पण महाभारत एक धागा देतं : एका घराची पाळी पुष्कळ वर्षांनी यायची. समजा, दहा वर्षांनी. रोज एक घर याप्रमाणे दहा वर्षांत ३,६५० घरं होतात. घरटी पाच माणसं धरली, तर वस्ती १८,२५० ची.

आधी रेडे बघू. एका घराला दहा वर्षांत दोन रेडे द्यायचे आहेत. म्हैस साधारण दीड वर्षानं विते असं धरलं, तर दहा वर्षांत सहा-सात रेडकं होतील. त्यांतली निम्मी, म्हणजे तीन तरी, नर असतील. एकाच म्हशीची नर पिल्लं दोन्ही रेडे पुरवून वर एखादा उरवतील. घरात एक दुभती म्हैस असली, की भागलं. म्हणजे रेडे संपणार नाहीत.

भातही संपणार नाही. रोज २०० किलो तांदूळ म्हणजे वर्षाला ७३ टन. जुन्या पद्धतीच्या शेतीत हेक्टरी एक टन तांदूळ धरला, तरी ७३ हेक्टर जमीन पुरे. साडेतीन हजार घरांच्या गावाला हे जड नाही.

आता माणसं. रोज एक म्हणजे वर्षाला ३६५. अठरा हजारांच्या वस्तीत हे दोन टक्के झाले. नेहमीचे मृत्यू वेगळेच, ते चालूच राहणार. हा दोन टक्क्यांचा खड्डा भरून निघायचा, तर राक्षस नसताना गावाची लोकसंख्या दर वर्षी दोन टक्क्यांनी वाढत असायला हवी. आधुनिक औषधोपचार येण्याआधी ती किती वाढत असे? आपल्या देशाची जनगणना पाहा. १९०१ मध्ये भारताची लोकसंख्या सुमारे २३ कोटी ८४ लाख होती, १९२१ मध्ये सुमारे २५ कोटी १३ लाख. वीस वर्षांत वाढ झाली जेमतेम साडेपाच टक्के, म्हणजे वर्षाला पाव टक्क्याच्या आसपास. तीन पिढ्यांपूर्वीच्या भारताचा हा दर एकचक्रेला लावला, तर अठरा हजारांचं गाव चौपन्न वर्षांत ओस पडतं.

गाव टिकायचं असेल तर? वर्षाला ३६५ माणसं ही निव्वळ वाढीतून यायला हवीत. त्यासाठी सुमारे एक लाख चाळीस हजारांची वस्ती लागेल. तेवढ्या वस्तीत अठ्ठावीस हजार घरं असतील, आणि प्रत्येक घराची पाळी पंच्याहत्तर-सत्त्याहत्तर वर्षांनी येईल.

तेव्हा उत्तर असं आहे : रेडे संपले नसते, माणसं संपली असती. दोन रेडे मोठे दिसतात आणि माणूस एकच, म्हणून आपली नजर रेड्यांवर जाते. पण राक्षसाच्या जेवणातला सगळ्यात महाग पदार्थ माणूस आहे. म्हैस तीन-चार वर्षांत व्यायला लागते आणि दीड-दोन वर्षांनी वीत राहते. माणसाचं मूल वयात यायलाच पंधरा-सोळा वर्षं लागतात. शिकार किती मोठी आहे यापेक्षा ती किती वेगानं भरून निघते, हे जास्त महत्त्वाचं.

हे सावकारीच्या भाषेत सांगितलं तर मुलांना चटकन कळतं. कळप हे मुद्दल आहे आणि दर वर्षीची वाढ हे व्याज. शिकारी व्याजावर जगला तर दोघंही टिकतात. तो मुद्दलाला हात घालू लागला, की आधी शिकार संपते आणि मग शिकारी. म्हशींचा व्याजदर चांगला आहे. माणसांचा, हत्तींचा आणि देवमाशांचा फार कमी. म्हणूनच केवळ प्रौढ हत्ती मारून जगणारा प्राणी निसर्गात आढळत नाही.

सिंहाचा करार

व्याज आणि मुद्दलाची दुसरी गोष्ट पंचतंत्रात आहे. सिंह दिसेल त्याला मारत सुटला, तेव्हा सगळे प्राणी मिळून त्याच्याकडे गेले आणि रोज एकानं त्याच्या गुहेत जायचं असा करार ठरला. पुढे सशाची पाळी आली आणि सशानं त्याला विहिरीत उडी मारायला लावली.

सिंहाला खरंच रोज एक प्राणी लागतो का? १६० किलोच्या सिंहाचा हिशेब वरच्या रीतीनं केला, तर रोज सुमारे ६,३०० कॅलरी, म्हणजे पाच किलोच्या आसपास मांस. मध्यम चितळ त्याला पाच-सहा दिवस पुरावं. रोज एक चितळ म्हणजे गरजेच्या पाच-सहापट पुरवठा झाला. याउलट, ज्या दिवशी ससा आला त्या दिवशी सिंहाचं नुकसानच होतं. दोन-अडीच किलोच्या सशात मांस असून असून किती असणार? उशिरा आला म्हणून सिंह चिडला असं गोष्ट सांगते. आमच्या मते, जेवण अपुरं होतं हेही कारण पुरेसं होतं.

यात गमतीपलीकडचं तथ्य आहे. ख्रिस कार्बोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जमिनीवरच्या मांसाहारी प्राण्यांचा अभ्यास मांडला. साधारण वीस किलोपेक्षा लहान शिकारी उंदीर, किडे अशा बारीक भक्ष्यावर निभावून नेतात. त्याहून मोठे शिकारी बहुतेक करून स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून मोठं भक्ष्य मारतात. कारण सरळ आहे. लहान भक्ष्यामागे धावण्यात जेवढी ऊर्जा जाते, तेवढी ते खाऊन परत मिळत नाही. मुंग्या खाऊन जगणारा वाघ गोष्टीतही पटत नाही, तो यामुळेच.

पण करारातला खरा धोका वेगळा आहे. तो आहे 'रोज एक' या ठरीव आकड्यात. समजा, त्या वनात २,००० हरणं आहेत आणि इतर मृत्यू वजा जाता कळप वर्षाला २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे व्याज ४००. सिंह नेतो ३६५. ठीक चाललं आहे. एका वर्षी दुष्काळ पडला आणि कळप १,५०० वर आला. आता व्याज ३००, पण करार ३६५ चाच. पहिल्या वर्षी मुद्दलातून गेली ६५, दुसऱ्या वर्षी ७८, तिसऱ्या वर्षी ९४, चौथ्या वर्षी ११२. दर वर्षी खड्डा मोठा होत जातो. मुलांना वहीत हे पुढे करायला सांगा. दहाव्या वर्षात एकही हरीण उरत नाही. दुष्काळ एकदाच पडला होता. बाकी सगळं कराराचं पालन होतं.

करार नसलेला सिंह असं करू शकत नाही. हरणं विरळ झाली की ती सापडणं अवघड होतं, शिकार कमी मिळते, छावे कमी जगतात आणि सिंहांचीही संख्या घटते. तोवर हरणांना सावरायला वेळ मिळतो. शिकाऱ्याची उपासमार हाच कळपाचा दुष्काळातला विमा असतो.

ठरीव आकडा घेऊन जाणारा शिकारी गोष्टींखेरीज कुठे आढळतो? तो आढळतो बंदरावर. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ अँकोव्हेटा नावाचा छोटा मासा अफाट संख्येनं मिळतो. १९७० मध्ये तिथे या एकाच जातीचे एक कोटी टनांहून अधिक मासे पकडले गेले. १९७२ मध्ये एल निनोमुळे तिथलं समुद्राचं पाणी तापलं आणि माशांची पैदास घटली. पण बोटी, कारखाने आणि कर्जाचे हप्ते तेवढेच होते. १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्याही खाली आली. समुद्राला दुष्काळ अधूनमधून पडतोच. त्या वर्षीही नेहमीएवढंच मागणारा शिकारी बहुधा माणूसच असतो.

तिमिंगिलाला गिळणारा

आता समुद्रात आहोतच, तर तिथल्या एका कल्पनेकडे पाहू. जुन्या संस्कृत साहित्यात 'तिमि' नावाचा प्रचंड मासा आहे. त्याला गिळणारा तो 'तिमिंगिल'. आणि तिमिंगिलालाही गिळणारा 'तिमिंगिलगिल'. अन्नसाखळी दाखवणारं इतकं नेमकं शब्दरूप दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल, असं वाटत नाही. प्रश्न एवढाच, की अशा किती पायऱ्या चढवता येतील?

याचं उत्तर शोधण्याचा पाया रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञानं घातला. मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग नावाच्या छोट्या तळ्याचा त्यानं काही वर्षं बारकाईनं अभ्यास केला. तळ्यात सूर्यप्रकाशातून किती ऊर्जा येते, वनस्पती किती साठवतात, त्यांना खाणारे किती, आणि खाणाऱ्यांना खाणारे किती, असा जमाखर्च त्यानं मांडला. त्याचा लेख १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहायला लिंडमन नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो वारला.

या जमाखर्चातून पुढे जो ढोबळ नियम रूढ झाला, तो म्हणजे दहा टक्क्यांचा. एका पायरीवर तयार झालेल्या ऊर्जेपैकी साधारण दहावा हिस्सा वरच्या पायरीच्या अंगी लागतो. उरलेली हालचालीत, उष्णतेत आणि न पचलेल्या अन्नात जाते. हा आकडा काटेकोर नाही. कुठे पाच टक्के असतो, कुठे वीस. पण अंदाजाला तो पुरतो.

तिमिंगिलगिलाचं वजन एक किलोनं वाढायला किती काय लागेल ते मांडू. तिमिंगिल १० किलो. त्यासाठी तिमि १०० किलो. तिमि जर लहान मासे खात असेल, तर ते १,००० किलो. लहान माशांना लागणारे सूक्ष्म प्राणी १०,००० किलो, आणि त्यांना लागणाऱ्या सूक्ष्म वनस्पती १,००,००० किलो. एका किलोमागे शंभर टन! आणि हा सगळ्यात वरचा प्राणी डोंगराएवढा असतो, असं वर्णन आहे. तेवढं खाद्य मिळवायला त्याला पोहावं लागणारं अंतर लक्षात घेतलं, तर मिळालेलं पोहण्यातच संपून जाईल. म्हणूनच निसर्गातल्या बहुतेक साखळ्या चार-पाच पायऱ्यांत आटोपतात. चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये 'संख्येचा मनोरा' मांडला, तो याच अर्थाचा. खाली पुष्कळ, वर थोडे, आणि टोकावर अगदी मोजके.

मग आजवरचा सर्वांत अवजड प्राणी, निळा देवमासा, कसा जगतो? तो तिमिंगिल होत नाही. तो दुसऱ्या देवमाशांना खात नाही, मोठ्या माशांनाही नाही. तो खातो क्रिल नावाचे कोळंबीसारखे, बोटभरही नसलेले जीव. मधल्या पायऱ्या टाळून तो मनोऱ्याच्या पायथ्याजवळ जेवायला बसतो. अवाढव्य व्हायचं असेल तर शिकार अवाढव्य नव्हे, बारीक आणि मुबलक हवी.

बकासुराचा भातही हेच सांगतो. दोन रेड्यांपेक्षा २०० किलो तांदळात कॅलरी जास्त आहेत. तांदूळ एका पायरीवरचा आहे, रेडा दोन. त्या रेड्याला तीन-चार वर्षं चरायला किती कुरण लागलं, याचा अंदाज घ्या, म्हणजे मनोरा डोळ्यांसमोर उभा राहील.

सोन्यावर झोपलेला आणि वाळूत राहणारा

पाश्चात्त्य अद्भुत कथांमधले दोन शिकारी तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला आहे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या १९३७ च्या 'द हॉबिट'मधला स्मॉग. हा उडणारा, आग ओकणारा ड्रॅगन एका डोंगरात सोन्याच्या राशीवर दीडशेहून अधिक वर्षं पडून असतो. आजूबाजूचा मुलूख त्यानं जाळून उजाड केलेला आहे. मग तो खातो काय? तो सरड्या-मगरींसारखा थंड रक्ताचा असेल, तर उत्तर थोडंफार जमतं. शरीर तापतं ठेवायचा खर्च नसल्यामुळे अशा प्राण्यांना त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे एक दशांशच ऊर्जा लागते. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो आणि वर्षाला डझनभर जेवणांवर निभावून नेऊ शकतो. हत्तीएवढ्या, थंड रक्ताच्या राक्षसाला एक रेडा महिनाभर पुरेल. पण थंड रक्त, आग आणि उड्डाण ही तिन्ही एकत्र बसत नाहीत. उडायला ऊर्जा भराभर लागते. शिवाय आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक, क्वेटझालकोट्लस, पंख पसरून दहा मीटरच्या आसपास असला, तरी वजनानं २००-२५० किलोचाच असावा. आणि आपल्याच कुरणाला आग लावणारा शिकारी तर मुद्दलच जाळतो आहे.

दुसरा आहे फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या 'ड्यून' कादंबरीतला वाळूतला महाकाय अळीसारखा प्राणी. हा शेकडो मीटर लांब असतो आणि सगळा ग्रह वाळवंट आहे. इथे लेखकानं देवमाशाची युक्ती वापरली आहे. हा प्राणी वाळूतले अतिसूक्ष्म जीव गाळून खातो. ते जीव वाळूतल्या एका मसाल्यासारख्या पदार्थावर जगतात. आणि तो पदार्थ पुन्हा याच प्राण्यांच्या जीवनचक्रातून तयार होतो. चक्र पुरं झालं. वाचताना फार सुंदर वाटतं.

पण लिंडमनचा जमाखर्च इथे अडतो. दर फेरीत नव्वद टक्के ऊर्जा निसटते. पदार्थ चक्रात फिरू शकतात, ऊर्जा फिरत नाही. ती एका बाजूनं यावीच लागते. हिरव्या पानाचं काम करणारं या चक्रात कोण, हे कथेत स्पष्ट दिसत नाही. म्हणून मुलांना विचारावं : 'या जगातलं गवत कुठे आहे?'

ते गवत हिरवंच हवं असं मात्र नाही. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ, अडीच किलोमीटर खोल काळोख्या समुद्रतळाशी, उष्ण पाण्याच्या झऱ्यांभोवती प्राण्यांची दाट वस्ती सापडली. तिथे दोन मीटरपर्यंत लांबीचे नळीत राहणारे कृमी आहेत, त्यांना तोंडच नाही. त्यांच्या शरीरात राहणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइडमधली रासायनिक ऊर्जा वापरून अन्न तयार करतात. लेखकांच्या कल्पनेलाही मागे टाकणारं हे जग आहे. पण तिथेही ऊर्जेची जमेची बाजू आहे. ती नसलेलं जिवंत जग अजून सापडलेलं नाही.

वर्गात करून पाहा

मुलांना एक शिकारी प्राणी कल्पून त्याचं चित्र काढायला सांगा. दात, नखं, शिंगं हवी तेवढी. मग चित्राखाली या प्रश्नांची उत्तरं लिहायची.

१. वजन किती? रक्त उष्ण की थंड?
२. दिवसाला किती कॅलरी लागतात?
३. भक्ष्य कोणतं? एक भक्ष्य किती दिवस पुरतं? वर्षाला किती लागतील?
४. भक्ष्याचा कळप वर्षाला किती टक्के वाढतो? त्या व्याजात शिकारी भागायचा तर कळप केवढा हवा?
५. भक्ष्य काय खातं? तळाशी ऊर्जा कुठून येते?
६. दुष्काळ पडला तर आधी काय होईल आणि मग काय?

उत्तरं वेगवेगळी येतील. ती एकमेकांशी जुळतात का, हे मुलांनीच एकमेकांचं तपासावं. आकडे ढोबळ असले तरी चालतील. गृहीत काय धरलं, ते मात्र लिहिलेलं असावं. आमच्याही बकासुराच्या हिशेबात गाड्यात २०० ऐवजी ४०० किलो तांदूळ धरले, तर राक्षस आणखी वाढेल. पण माणसं आधी संपतात, हा निष्कर्ष बदलणार नाही. कोणता आकडा बदलला तर निष्कर्ष बदलतो आणि कोणता बदलला तर नाही, हे उमगणं म्हणजे निम्मं विज्ञान.

शेवटी त्याच रीतीनं एका खऱ्या प्राण्याचा हिशेब करायचा. २०० किलोचा वाघ. रोज सुमारे ७,४०० कॅलरी, म्हणजे सहा किलोच्या आसपास मांस. वर्षाला साधारण पन्नास चितळांएवढी भक्ष्यं. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेसारख्या जंगलांत वर्षानुवर्षं काम करून हेच प्रमाण वापरलं आहे. वाघ आपल्या भक्ष्यांपैकी वर्षाला साधारण दहा टक्के नेतो, म्हणून एका वाघामागे सुमारे पाचशे खुरवाले प्राणी हवेत. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला. म्हणजे त्यांच्यामागे सव्वादोन लाखांच्या आसपास चितळ, सांबर, रानडुकरं आणि गवे हवेत. आणि त्या सव्वादोन लाखांमागे गवत, पाणी आणि झाडोरा हवा.

हा आकडा फळ्यावर लिहिला, की वाघाबद्दलच्या बातम्या वेगळ्या वाचल्या जातात. गावाजवळ वाघानं गाय मारली की तो बकासुर ठरतो, आणि भीमाची वाट पाहणं सुरू होतं. ज्या घरची गाय गेली त्याचं नुकसान खरं आहे, ते भरून मिळायलाच हवं. पण त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : त्याच्या वाट्याची पाचशे जनावरं कुठे आहेत? ती जंगलात नसतील, तर एक वाघ पकडून नेल्यानं हिशेब जुळणार नाही. जागा रिकामी झाली, की दुसरा वाघ येईल आणि तोही उपाशीच असेल.

आता आम्ही अन्नसाखळी शिकवताना फळ्यावर बाण काढतो आणि प्रत्येक बाणाखाली एक रिकामी चौकट ठेवतो. चौकटीत आकडा मुलांनी भरायचा. तो चुकला तरी हरकत नाही, चौकट रिकामी राहू नये.